वाचकांचे प्रश्न : काळ्या पाषाणावर काम करणाऱ्या तरुण भूशास्त्रज्ञांसाठी

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात किंवा पीएच.डी.च्या पहिल्या दोन-तीन वर्षांत असलेल्या वाचकांची आहेत. जवळपास सगळे दख्खनच्या बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या आपल्या काळ्या पाषाणावर, काम करतात. म्हणून उत्तरंही त्याच खडकाला धरून दिली आहेत. पत्रं लांब होती, इथे प्रश्नापुरती छापली आहेत.

अंबेनळी घाटात गेरूचा (दोन लाव्हाप्रवाहांमधल्या लाल मातीचा) एकच थर दोन वळणांवर ६५ मीटरच्या फरकाने सापडतो. खालच्या वळणाची उंची मी माझ्या फोनवर घेतली, वरच्या वळणाची माझ्या सोबत्याने हातातल्या जीपीएसवर. मधून भ्रंश (खडक तुटून दोन बाजू वर-खाली सरकलेली भेग) गेला आहे असं प्रगती अहवालात लिहू का? — संशोधक विद्यार्थी, कोल्हापूर

अजून लिहू नका. तुमच्या प्रश्नातच उत्तर दडलेलं आहे: दोन उंच्या दोन वेगळ्या यंत्रांनी घेतल्या आहेत आणि फरक ६५ मीटरचा आहे. महाराष्ट्रात हा आकडा दिसला की आधी यंत्राकडे बघायचं, मग खडकाकडे.

उपग्रहावरून मिळणारी उंची मुळात समुद्रसपाटीपासूनची नसते. पृथ्वीचा आकार म्हणून जो गुळगुळीत गणिती लंबगोल धरलेला आहे, त्याच्यापासूनची ती असते. भारताच्या आसपास गुरुत्वाकर्षणाचं मोठं कमीपण असल्यामुळे आपल्याकडे समुद्राची सरासरी पातळी या लंबगोलाच्या बरीच खाली आहे. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात साधारण ६० ते ७० मीटर. हातातलं चांगलं जीपीएस यंत्र ही दुरुस्ती आतल्या आत करून समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतं. फोनमधली बरीच अ‍ॅप्स ती करत नाहीत, लंबगोलावरची उंची जशीच्या तशी दाखवतात, म्हणजे ६०-७० मीटर कमी. खात्री करायची असेल तर कोकणात एखाद्या किनाऱ्यावर पाण्याच्या कडेला उभे राहून फोनवरची उंची बघा. आकडा शून्याच्या आसपास आला तर अ‍ॅप दुरुस्ती करतं. उणे साठच्या पुढे गेला तर करत नाही. तोवर घाटात, नकाशावर उंची छापलेल्या एखाद्या ठिकाणी दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी ठेवून दहा मिनिटं वाचनं घ्या.

ही चूक काढल्यावरही १०-२० मीटरचा गोंधळ उरतो. घाटात एका बाजूला कडा असतो, अर्धं आकाश झाकलेलं, उपग्रह कमी दिसतात, आणि उभ्या दिशेची चूक आडव्या दिशेपेक्षा नेहमीच जास्त असते. इथले कित्येक लाव्हाप्रवाह जेमतेम १०-१५ मीटर जाडीचे आहेत, त्यामुळे एवढ्या चुकीत अख्खा प्रवाह हरवतो. यावर जुना उपाय वायुदाबावर चालणाऱ्या उंचीमापकाचा. पण त्याची खोड ओळखून वापरा. आपल्या पट्ट्यात वायुदाब सकाळी दहाच्या सुमाराला सर्वांत जास्त आणि दुपारी चारच्या सुमाराला सर्वांत कमी असतो, फरक २ ते ४ हेक्टोपास्कल. घाटमाथ्याच्या उंचीवर एक हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास ९ मीटर. म्हणजे तुम्ही जागचे हलला नाहीत तरी संध्याकाळपर्यंत यंत्र तुम्हाला वीस-तीस मीटर वर चढवून ठेवतं. म्हणून सकाळी ज्ञात उंचीच्या बिंदूवर यंत्र जुळवा, दर दोन तासांनी त्याच किंवा दुसऱ्या ज्ञात बिंदूवर येऊन वाचन घ्या, आणि मधे आलेला फरक वेळेच्या प्रमाणात वाटून टाका. दोन उंचीमापक असतील तर एक जागेवर उभ्या गाडीत ठेवून सोबत्याला दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहायला सांगा. त्याहून चांगली युक्ती नाही.

नकाशाचंही बघून घ्या. सर्वेक्षण विभागाची जुनी नकाशा-पत्रकं एव्हरेस्ट नावाच्या जुन्या लंबगोलावर आहेत, तुमचा जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या दुसऱ्या लंबगोलावर. बिंदू तसाच टाकला तर आडव्या दिशेत शंभर मीटर आणि त्याहून जास्त सरकतो. उभ्या कड्यावर शंभर मीटर बाजूला सरकणं म्हणजे दुसऱ्याच समोच्च रेषेवर जाणं.

एवढं करूनही फरक उरला, तर आता खडकाचा विचार करा. या भागात प्रवाहांचा कल दक्षिणेकडे एका अंशाहूनही कमी आहे. पण अर्ध्या अंशाच्या कलाने एका किलोमीटरवर ९ मीटर पडतात, पाच किलोमीटरवर ४४. शिवाय पाहोईहो (गुळगुळीत पृष्ठभागाचा, पातळ वाहणारा) लाव्हा चटईसारखा एकसंध पसरत नाही. त्याचे लोळ एकमेकांवर चढतात, कडेला पातळ होत संपतात. गेरूचे थरही अनेक आहेत, रंग बघून ‘तोच हा’ म्हणता येत नाही. घाटात कड्याचा तुकडा मुळासकट खाली घसरून बसलेला असणं तर अगदी नेहमीचं. या सगळ्या शक्यता गेल्या, दोन्ही ठिकाणच्या वरच्या-खालच्या प्रवाहांचं रसायन जुळलं, आणि मधल्या पट्ट्यात चुरडलेला खडक किंवा घासल्याच्या रेषा प्रत्यक्ष दिसल्या, तर भ्रंश लिहा. निर्धास्तपणे लिहा, कारण मग तो टिकेल.

जाता जाता एक सुचवावंसं वाटतं. घाटाखालच्या गावांत विहिरी खणणाऱ्या माणसांना भेटा. मांजऱ्या कुठे लागला, काळा पाषाण किती हात गेला, गेरू किती खोलीवर आला, हे त्यांना विहीरनिहाय पाठ असतं. मांजऱ्या म्हणजे प्रवाहाचा वरचा फुगीर, पोकळ्यांचा भाग. म्हणजे ते तुम्हाला प्रवाहांच्या सीमाच सांगत असतात. त्यांनी दिलेली माहिती प्रबंधात वापरली तर आभारात त्यांची नावं, त्यांना विचारून, जरूर घाला.

भू-रसायनासाठी नमुने गोळा करायचे आहेत. मार्गदर्शक म्हणतात “ताजा दगड आण.” ताजा म्हणजे नक्की किती, कुठला, आणि पुढे काय? — संशोधक विद्यार्थिनी, नांदेड

“ताजा दगड आण” ही सूचना खरी आहे, पण तेवढ्यावर काम होत नाही, हे तुमचं म्हणणं पटतं.

प्रवाहाच्या माथ्याकडचा मांजऱ्या टाळा. त्याच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, ॲपोफिलाइट अशी नंतर भरलेली खनिजं असतात. तो दगड दळला तर लाव्हाचं रसायन कमी आणि नंतर झिरपलेल्या पाण्याचं जास्त मिळतं. प्रवाहाच्या मध्यभागी किंवा खालच्या तिसऱ्या हिश्शात घट्ट भाग असतो, तिथे जा. बेसॉल्ट कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो. पापुद्रे काढत आतल्या गोळ्यापर्यंत पोहोचायचं. दोन किलोचा घण पुरतो. ताज्या तुकड्याचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द. मग तिथेच, उन्हात, तुकडे मुठीएवढे करा, तपकिरी साल असलेली प्रत्येक कड उडवा आणि दहापटीच्या भिंगाखाली बघा. पांढरे ठिपके किंवा हिरवट डाग दिसले तर तुकडा टाका. हे काम प्रयोगशाळेत करू म्हणून ढकललं की होत नाही, आणि झालंच तर दुसरा नमुना आणायला घाट तुमच्यापासून तीनशे किलोमीटर लांब असतो. सगळं छाटून झाल्यावर एक ते दीड किलो उरायला हवा.

क्रमांक तीन ठिकाणी लिहा: दगडावर पक्क्या शाईने, प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलने, आणि बाहेरच्या कापडी पिशवीवर. शाई पावसात जाते, पेन्सिल जात नाही. नुसते १, २, ३ असे क्रमांक देऊ नका. विभागात तुमच्या आधीच्या चौघांनी तेच दिलेले असतात. ठिकाण-वर्ष-अनुक्रम, म्हणजे ‘वरं-२५-०१४’ अशी पद्धत ठेवा. आणि प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग न दळता राखून ठेवा. पाच वर्षांनी कुणी तुमच्या आकड्यावर शंका घेतली तर तोच साक्षीला उभा राहतो.

दळणात सर्वांत जास्त नमुने बिघडतात, आणि बिघडलेले कळतही नाहीत. टंगस्टन कार्बाइडची चक्की झटपट पीठ करते, पण त्यात टंगस्टन आणि कोबाल्ट तर मिसळतेच, टँटलम आणि नायोबियमही थोडं मिसळू शकते. हेच दोन तुम्ही पुढे आलेखात वापरणार असाल तर आलेख तुमच्या दगडाचा राहत नाही, चक्कीचा होतो. पोलादी चक्की लोह, क्रोमियम, मँगनीज सोडते. अकीकाची चक्की वेळखाऊ, पण सूक्ष्म मूलद्रव्यांसाठी तीच वापरा. आधी त्याच नमुन्याचं मूठभर दळून फेकून द्या, मग खरा नमुना घाला. पीठ ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जायला हवं. चाळणीवर राहिलेलं फेकायचं नाही, पुन्हा दळायचं, कारण कठीण खनिजं तिथेच अडकतात आणि फेकली की नमुन्याचं संघटनच बदलतं.

भट्टीतली घट मोजताना नमुना ११० अंशांवर रात्रभर वाळवा, वजन घ्या, मग ९५० ते १००० अंशांवर तासभर तापवा. तीन टक्क्यांहून जास्त घट आली तर दगड बदललेला आहे असं समजा. कधी कधी मात्र घट उणे येते, म्हणजे वजन वाढतं, आणि नवी मुलं घाबरून आकडा दडपतात. तसं करू नका. बेसॉल्टमधलं फेरस लोह तापल्यावर प्राणवायू घेऊन फेरिक होतं. १० टक्के फेरस ऑक्साइड पूर्ण बदललं तर वजन १.१ टक्क्यांनी वाढतं. अगदी ताज्या दगडात पाणी कमी आणि लोह भरपूर, म्हणून बेरीज उणे येते. आकडा आहे तसाच छापा.

विश्लेषणाला पाठवताना दर दहा नमुन्यांमागे एक दुबार नमुना आणि एक प्रमाण-नमुना (ज्याचं रसायन आधीच माहीत आहे असा) घाला, तोही अनोळखी क्रमांक देऊन. बेसॉल्टसाठी हवाईचा बीएचव्हीओ-२ किंवा आइसलँडचा बीआयआर-१ योग्य. प्रत्येक खेपेला नुसत्या आम्लाचा एक कोरा नमुना. प्रमुख ऑक्साइडांची बेरीज ९८.५ ते १०१ च्या बाहेर गेली तर प्रयोगशाळेला विचारा. विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. तुमच्या विभागात यंत्र नसेल तर आय-स्टेम या राष्ट्रीय संकेतस्थळावर कुठल्या संस्थेत कुठलं यंत्र बाहेरच्यांना खुलं आहे ते शोधता येतं.

हायड्रोफ्लोरिक आम्लात नमुना विरघळवणार असाल तर एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. हे आम्ल कातडीवर पडलं की बरेचदा सुरुवातीला दुखत नाही, आणि तोवर ते आत हाडापर्यंत काम करत असतं. कॅल्शियम ग्लुकोनेटचा २.५ टक्क्यांचा मलम हाताशी नसेल तर बाटली उघडू नका. एकट्याने तर कधीच नको.

आम्ही तिघी जणी घाटात काम करतो. विभागात क्षेत्रकामाचे काहीच नियम नाहीत, “काळजी घ्या” एवढंच सांगतात. कमीत कमी काय काय लिहून घ्यावं? — एम.एस्सी. विद्यार्थिनी, पुणे

विभागाकडे नियम नसतील तर तुम्हीच एक पानाचा कागद करा आणि विभागप्रमुखांची सही घ्या. त्यावर रोजचा मार्ग, गाडीचा क्रमांक, चालकाचं नाव, मुक्कामाचं ठिकाण, जवळचं ग्रामीण रुग्णालय आणि दोन ठरलेल्या वेळा: दुपारी एक आणि संध्याकाळी सहा. या वेळांना विभागातल्या एका ठरलेल्या व्यक्तीला निरोप जायलाच हवा. सहाचा निरोप सातपर्यंत आला नाही तर ती व्यक्ती कुणाला फोन करणार, हेही कागदावर हवं. हे नसेल तर बाकी सगळ्या काळजीला अर्थ नाही. घाटात रेंज नसते, म्हणून ज्या वळणावर ती मिळते ती वळणं पहिल्याच दिवशी नकाशावर टिपा.

मुलींसाठी वेगळी खोली, सोबत निदान एक शिक्षिका किंवा ज्येष्ठ संशोधिका, आणि दर दोन-अडीच तासांनी स्वच्छतागृहाजवळचा थांबा. पेट्रोल पंप, एसटी स्थानक, जिल्हा परिषदेची शाळा, ओळखीचं घर असे थांबे आधीच ठरवा. हे मागायला संकोच नको. स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली उन्हात चक्कर येऊन पडतात.

लैंगिक छळाबाबत २०१३चा कायदा कामानिमित्त जिथे जावं लागतं त्या ठिकाणी आणि त्या प्रवासातही लागू आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या नियमांत विद्यार्थ्यांच्या क्षेत्रसहली स्पष्टपणे येतात. तक्रार अंतर्गत समितीकडे लेखी, तीन महिन्यांच्या आत. समितीच्या सदस्यांची नावं निघण्याआधीच वहीत लिहून ठेवा. त्यासाठी कुणावर संशय असावा लागत नाही.

आता खडकाजवळच्या गोष्टी. घण मारताना चश्मा हवाच. बेसॉल्टची कपची काचेसारखी उडते. एका हातोड्यावर दुसरा हातोडा कधीही मारू नका, पोलादाचा तुकडा उडून डोळा जातो. रस्त्याकडेच्या कापात काम करताना एकीने फक्त वाहनं बघायची, दुसरं काही करायचं नाही, आणि तिघींच्या अंगावर चमकणारी जाकिटं. कड्यावर आग्यामोहोळ दिसलं तर त्या कापाखाली ठोकायचंच नाही, तो नमुना सोडायचा. अत्तर, धूर, मोठा आवाज टाळा. माश्या उठल्याच तर तोंड झाकून पळा, हात मारू नका, पाण्यात उडी घेऊ नका. दगड उलटायचा तर हातोड्याच्या टोकाने, आणि उघडणारी बाजू आपल्यापासून लांब. कोकणात दगडाखाली फुरसं असणं अगदी नेहमीचं आहे. साप चावला तर आवळपट्टी नाही, कापणं नाही, चोखणं नाही. अंगठी-बांगड्या काढा, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, १०८ला फोन करा आणि प्रतिसर्प लस असलेल्या सरकारी रुग्णालयात जा. कागदावर रुग्णालयाचं नाव का लिहायचं ते इथे कळतं. लस आहे ना, हे निघण्याआधी फोन करून विचारा.

परवानग्या विसरू नका. राखीव वनासाठी वनविभाग, अभयारण्यासाठी वन्यजीव शाखा. लोणार हे अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळ आहे आणि भूवारसा स्मारकही आहे. तिथे परवानगीशिवाय खडा उचलायचा नाही. संरक्षित किल्ल्यांवर हातोडा काढायचाच नाही.

दरड कोसळलेल्या गावाजवळ मातीचे नमुने घ्यायला गेलो तर लोकांनी विचारलं, “आमचं गाव खाली येणार का?” आम्हाला उत्तर देता आलं नाही. काय सांगायला हवं होतं? — संशोधक विद्यार्थी, रायगड

३० जुलै २०१४ला माळीण, २२ जुलै २०२१ला तळिये, १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडी. ही नावं ज्यांच्या डोक्यात आहेत त्यांनी तुम्हाला हा प्रश्न विचारला. उत्तर न देता आल्याची तुम्हाला बोच लागली, हे चांगलं आहे.

“येणार नाही” असं सांगायचं नाही, “येणार” असंही नाही. दोन्ही सांगण्याइतका पुरावा दोन दिवसांच्या नमुन्यांत नसतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा दरडप्रवणतेचा नकाशा १:५०,००० या प्रमाणावर आहे. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. त्यात अख्खी वाडी एका ठिपक्यात मावते. त्या नकाशावरून एखाद्या घराबद्दल बोलणं चूक आहे, आणि हे लोकांना समजावून सांगता येतं.

सांगण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. वाडीच्या वरच्या उतारावर नवी भेग पडली का, जुनी रुंदावली का, हे बघायला शिकवा. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी खुंटी ठोका, मधलं अंतर पट्टीने मोजा, तारीख घालून शाळेच्या भिंतीवर लिहा. पावसाळ्यात रोज, एरवी आठवड्याला. सेंटिमीटरने अंतर वाढू लागलं तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी तलाठी आणि तहसीलदारांना कळवायचं आणि रात्र खाली काढायची. झरा अचानक गढूळ होणं, नव्या जागी पाणी फुटणं, वाहता झरा एकाएकी आटणं, विजेचे खांब आणि झाडं कलणं, दारं-खिडक्या चौकटीत अडकणं, ही सगळी लक्षणं गावकऱ्यांना तुमच्या आधी दिसतात. फक्त ती एकत्र जोडून कुणी सांगितलेली नसतात. शाळेत साधं पर्जन्यमापक बसवा, मुलांकडून सकाळी साडेआठला वाचन घ्या. चोवीस तासांचा पाऊस मोजण्याची आपल्याकडची वेळ हीच आहे, त्यामुळे तुमचा आकडा हवामान खात्याच्या आकड्याशी ताडून बघता येतो.

दुर्घटनेनंतर लगेच जाऊ नका. पहिले दिवस शोधकार्याचे आणि शोकाचे असतात. नंतर जाताना तहसील कार्यालयाची परवानगी आणि ग्रामपंचायतीला आधी निरोप. काम झाल्यावर एक पानाचा अहवाल, मराठीत, ग्रामपंचायतीत नेऊन द्या. शोधनिबंध छापून यायला दोन वर्षं लागतात, पुढचा पाऊस त्याआधी येतो.

आमच्या महाविद्यालयात संशोधन करणारे आम्ही तिघेच. चर्चेला कुणी नाही. गट कसा उभा करावा? — वाचक, जळगाव

तिघे पुरेत. पंधरा दिवसांतून एकदा, ठरलेल्या वारी, बरोबर एक तास. एक निबंध घ्या, पण सगळा वाचायचा नाही. त्यातली एकच आकृती घ्या आणि ती तुमच्या आकड्यांनी पुन्हा काढता येते का ते बघा. असे गट बहुधा तिसऱ्या महिन्यात बंद पडतात. एकच जण निबंध शोधतो, खोली मिळवतो, निरोप धाडतो आणि दमतो. किंवा एखादे ज्येष्ठ येऊन बसतात आणि चर्चेची तोंडी परीक्षा होते. म्हणून काम पाळीने वाटा, आणि ज्येष्ठांना तीन महिन्यांतून एकदाच, ठरवून बोलवा. परीक्षेच्या महिन्यात आधीच सुट्टी जाहीर करा.

जवळच्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या तिघांशी पातळ काचा (सूक्ष्मदर्शकासाठी काचेवर चिकटवून घासलेल्या दगडाच्या चकत्या) अदलाबदल करा. तुमची धुळे-नंदुरबारकडच्या डाइकची (भेगेत थिजलेल्या लाव्हाच्या भिंतीची) काच त्यांनी बघायची, त्यांची तुम्ही. दोघांनी स्वतंत्र वर्णन लिहायचं आणि मग पडताळायचं. काचेवरच्या चकतीची जाडी ०.०३ मिलिमीटर आहे का, यावरच पहिला वाद होईल. प्लॅजिओक्लेज करडा-पांढरा न दिसता पिवळसर दिसत असेल तर काच जाड आहे, अजून घासा. असा वाद एकट्याला घालता येत नाही.

बाहेरची दारंही आहेत. ध्रुवीय अभ्यासासाठी एपेक्स, पुराहवामानासाठी पेजेसचं तरुण संशोधकांचं जाळं, एकंदर भूशास्त्रासाठी यस नेटवर्क. व्होल्कॅनिका आणि सिस्मिका ही नियतकालिकं संशोधकांनीच स्वयंसेवेतून उभी केली आहेत. लेखकाकडून पैसे घेत नाहीत, वाचकाकडूनही नाही. तिथे परीक्षक म्हणून नाव नोंदवा. दुसऱ्याचा निबंध नीट तपासला की स्वतःचा लिहिण्याची पद्धतच बदलते.

व्हिएन्नाच्या ईजीयू (युरोपीय भूविज्ञान संघ) अधिवेशनाला जायची इच्छा आहे. पैसे आणि वेळ कशी जुळवायची? — संशोधक विद्यार्थी, मुंबई

अधिवेशन एप्रिल-मेमध्ये असतं, पण तयारी दिवाळीनंतर लगेच. गोषवाऱ्याची मुदत साधारण जानेवारीत असते, आणि प्रवास-मदतीचा अर्ज त्याच्याही आधी, डिसेंबरच्या सुरुवातीला जातो. मदत हवी असेल तर गोषवाराही तेव्हाच लागतो, इथेच बहुतेकांची गाडी चुकते. त्यांच्या व्याख्येत तरुण संशोधक म्हणजे विद्यार्थी, किंवा सर्वोच्च पदवी मिळून सात वर्षं न झालेला. मुलाच्या संगोपनासाठी घेतलेल्या रजेचं दर मुलामागे एक वर्षापर्यंत वाढवून मिळतं.

इकडे एएनआरएफ आणि सीएसआयआर या संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थांच्या प्रवास-योजना आहेत. बहुतेक अनुदानं परत आल्यावर पावत्या देऊन मिळतात, म्हणजे तिकिटाचे पैसे आधी तुम्हालाच उभे करावे लागतात. विमानाचे बोर्डिंग पास जपून ठेवा, ते हरवले की दावा अडकतो. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती २०२३पासून महिना ३७,००० रुपये आहे, पण ती कित्येकदा महिनोन् महिने थकते. तिच्या भरवशावर तिकीट काढू नका.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. वसंतात भेटीच्या वेळा मिळत नाहीत, म्हणून गोषवारा स्वीकारल्याचं पत्र आलं त्याच दिवशी वेळ घ्या. भित्तिपत्रक आडवं करा, तिथले फलक आडवे असतात. ते कापडावर छापा; घडी घालून पिशवीत मावतं, नळकांडं विमानात विसरण्याची भीती राहत नाही. आणि जमलं नाही तर दूरस्थ सादरीकरणाचीही सोय असते.

एका नियतकालिकाने दहा दिवसांत छापू म्हणून पैसे मागितले आहेत. प्रबंधाची मुदत जवळ आली आहे. — वाचक, सोलापूर

देऊ नका. दहा दिवसांत भूशास्त्राच्या निबंधाचं खरं परीक्षण होत नाही. अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही सक्ती राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाने ती स्वतंत्रपणे ठेवली आहे का, ते पीएच.डी. कक्षात लेखी विचारा. ठेवली असेल तर मार्गदर्शकांशी बोलून मुदतवाढ मागा. निबंध तयार असेल तर अर्थआर्काइव्ह या संकेतस्थळावर पूर्वप्रत (परीक्षणाआधीची प्रत) टाका, आकडे झेनोडो या संकेतस्थळावर ठेवा. दोन्ही फुकट आहेत, दोन्हीकडे तारखेसह कायमचा क्रमांक मिळतो. त्याआधी सहलेखकांची लेखी संमती घ्या, आणि नमुन्यांच्या यादीत अक्षांश-रेखांशांबरोबर उंची कुठल्या यंत्राने घेतली तेही लिहा.